माइकवालीची शिकवणी

माझी ताई गाडी चालवायला शिकवते. शिकायला येणारे तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे 'करकचून बाई'. नाव उगाच नाही पडलेलं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याने जरा आगाऊपणा केला की ताई तो ब्रेक असा करकचून दाबते की मागे बसलेल्याचं कपाळ पुढच्या सीटला भेटून येतं. मग ती शांतपणे विचारते, "कळलं, का परत दाखवू?" परत दाखव म्हणणारा अजून कुणी निघालेला नाही.

नवशिक्याला पहिले काही दिवस तिचे पाय सांभाळून घेतात. त्याचा क्लच धसकन सुटला तरी हिचा पाय खाली तयार असतो, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण हात जरा बसला की ताई बूट काढते आणि भर रस्त्यात सीटवर चक्क मांडी घालून बसते. शिकणाऱ्याची बोबडी वळते. "मॅडम, पाय खाली घ्या ना, प्लीज!" ताई म्हणते, "का? गाडी तू चालवतोयस ना?" तिचं म्हणणं असं, की माझे पाय खाली आहेत तोवर गाडी मीच चालवते, तू नुसता स्टिअरिंगला लटकलेला. एका दाताच्या डॉक्टरला तिने असं मांडी घालून रडवलं होतं. पण पुढे पहिल्या फटक्यात पास झाला पठ्ठ्या.

आमचं ऑफिस म्हणजे घरातलीच बाहेरची खोली. तिथे टेबल टाकून मी बसते. फोन घेणं, वेळा ठरवणं आणि उशिरा येणाऱ्यांना झापणं ही माझी कामं. यातलं शेवटचं मी मनापासून करते. आत आम्ही तिघी राहतो: ताई, मी आणि ताईची लेक भिंगरी. भाऊजी दूरच्या शहरात उंच क्रेनवर काम करतात, सुट्टी मिळेल तेव्हा येतात. भिंगरी सहा वर्षांची. नावाप्रमाणे दिवसभर घरात गरगरत असायची, एका जागी बसवायची म्हणजे आमचा घाम निघायचा. हे सगळं त्या विमानाच्या आधीचं.

भाऊजींना सुट्टी मिळेना, म्हणून ताईने ठरवलं की आपणच जाऊ. विमानाची तिकिटं काढली, शेजारशेजारची. भिंगरीने नवा पिवळा फ्रॉक घातला होता, बाबाला दाखवायला. तिकडे जे झालं ते मला ताईने सांगितलं, आणि मी एक शब्दही मध्ये बोलले नाही. मी गप्प बसले म्हणजे किती ऐकण्यासारखं असेल ते ओळखा.

विमान सुटायच्या वेळेला सगळ्यांना दारापाशी रांगेत उभं केलं. दार काही उघडेना. का उघडत नाही, कधी उघडणार, कुणी सांगेल तर शपथ. काउंटरमागे एक बाई माइक धरून बसलेली, आणि तिचं एकच पालुपद. "रांग सोडू नका. रांग सोडणाऱ्याची जबाबदारी आमच्यावर नाही." लोक उभे राहून राहून कंटाळले. म्हातारी माणसं बॅगांवर टेकली. तेवढ्यात भिंगरी म्हणाली, "आई, शू."

ताई काउंटरवर गेली. म्हणाली, लेकीला जरा घेऊन जाऊन येते, तोवर दार उघडलं तर थांबाल ना? त्या बाईने मान वर केली नाही. म्हणाली, "गेलात तर विमान गेलं समजा. पोरांचं घरून आटपून आणायचं असतं." ताईने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. माझी ताई, जी ट्रकवाल्याला भर चौकात गाडी मागे घ्यायला लावते, ती तिथे हात जोडून उभी होती. बाई ढिम्म. दार उघडायचं नाव नाही. आणि शेवटी पोरीला आवरलं नाही. पिवळा फ्रॉक, पांढरे मोजे, सगळं भिजलं.

इथपर्यंतही एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्या बाईने माइक उचलला आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, "सफाई कर्मचाऱ्याने दारापाशी यावं. इथे एका मुलीने शू केलेली आहे. इतरांनी पाय जपून टाकावेत." लोक माना वळवून वळवून बघायला लागले. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

तेवढ्यात दार उघडलं. दुसरे कपडे बॅगेत होते. ती बॅग विमानात वर जागा नाही म्हणून दारातच काढून घेतली आणि खाली सामानात टाकली. "कपडे तरी काढू द्या" म्हटलं, तर "मागे माणसं खोळंबलीत." आत गेल्यावर शेजारच्या सीटा गायब. आई पुढे, पोर पार मागे. सीट खराब होईल म्हणून तिथल्या एका एअर होस्टेसने भिंगरीच्या खाली प्लॅस्टिकची पिशवी अंथरली. पांघरायला काही मागितलं, तर संपलंय म्हणे. पोर ओली, एकटी, त्या कुरकुरणाऱ्या पिशवीवर बाबाच्या गावापर्यंत गेली. बाबा हात पसरून पुढे आले, तर ही आईच्या मागे लपली. म्हणाली, "बाबा, जवळ येऊ नको. वास येतो."

हे ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमान कंपनीला मीच फोन लावला. आधी बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एका गोड आवाजाने सांगितलं की झाल्या गैरसोयीबद्दल खेद आहे आणि पुढच्या प्रवासात आम्हाला सवलत मिळेल. म्हणजे आम्ही परत यांच्याच विमानात बसायचं, आणि तेही स्वस्तात! केवढे ते उपकार! मी त्या आवाजाला जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

पण भिंगरीचं काय? ती परत आली ती वेगळीच होऊन. घराबाहेर पडायचं म्हटलं की आधी बाथरूम, चप्पल घातली की परत बाथरूम, आणि दारापर्यंत जाऊन "मी नाही येत." शाळेत सकाळी मुलं रांगेने वर्गात जातात. ती रांग बघितली की ही फाटकाला घट्ट धरून उभी राहायची, बोटं सोडवता सोडवेनात. शेवटी घरीच बसली. तिच्या बाईंनी प्रेमानेच सांगितलं, पण सांगितलं, की सहामाहीनंतरही आली नाही तर यंदाचं वर्ष जाईल. डॉक्टर म्हणाले, मनातलं आहे, वेळ द्या. ताईने तिला हरतऱ्हेने विचारून पाहिलं, पोर तोंड मिटून बसायची.

ताईच्या मनाने एकच घेतलं. "त्या बाईने चारचौघांत माझ्या पोरीची लाज काढली. आता चारचौघांत तिची निघाली पाहिजे आणि तिने भिंगरीसमोर येऊन माफी मागितली पाहिजे. मग बघ पोर कशी उड्या मारत शाळेत जाते." मला ते शंभर टक्के पटलं. पण ती बाई कुठे सापडायची? नाव नाही, गाव नाही. आम्ही दोघी भांडी घासता घासता तिला शिव्या घालायचो, तेवढंच काय ते समाधान.

आणि एके दिवशी सकाळी तीच बाई स्वतःच्या पायांनी आमच्या ऑफिसात आली.

मी तिला पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी आपली नेहमीसारखी "बसा" म्हणाले. नीटनेटकी बाई, केस चापून बसवलेले. विचारायला लागली, "शिकायला बरीच रांग आहे का हो तुमच्याकडे?" आतून ताई चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी समजले. ताई म्हणाली, "रांग कसली? तुम्हाला उद्यापासून घेते. मी स्वतः शिकवते." माइकवालीने तिला अजिबात ओळखलं नाही. उलट खूश होऊन गेली.

ती गेल्या गेल्या मी उसळले. "उद्यापासून घेते? तंगडी धरून बाहेर काढायची सोडून तिला चहा विचारतेस?"

"बाहेर काढली तर दुसरीकडे जाऊन शिकेल," ताई म्हणाली. "हिची जिरवायची तर इथेच."

मग सुरू झाली माइकवालीची शिकवणी. भिंगरीपाशी शेजारणीला बसवून मीही मागच्या सीटवर, गंमत बघायला. असं शिकवणं ताईने जन्मात कुणाला शिकवलं नसेल. एकदाही ब्रेक करकचून दाबला नाही, एकदाही आवाज चढवला नाही. माइकवालीने क्लच सोडला की हिचा पाय हळूच तो धरायचा. चढावर गाडी मागे घसरायच्या आत हिचा ब्रेक. वळणावर वेग जास्त झाला, हिचा ब्रेक. गाडी अशी लोण्यासारखी चालायची की मागे बसून मला झोप यायची. आणि तोंडाने कौतुकाचा पूर. "वा! काय हलका हात आहे तुमचा!" "तुम्ही आधी कुठे चालवलीय का हो? खोटं वाटतं." ताईने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवली, आणि ती चढली! मला म्हणते कशी, "लोक उगाच घाबरवतात हो. गाडीत काय आहे एवढं?"

मी फक्त ताईच्या पायांकडे बघत होते. बूट काही निघाले नाहीत.

माइकवाली बोलायची पुष्कळ. तिला पहाटेची ड्युटी लागली होती, त्या वेळेला बस नसते, म्हणून लायसन्स हवं होतं. नवरा म्हणे सारखा चिडवतो की तुला सायकलसुद्धा जमायची नाही. "आता दाखवतेच त्याला," म्हणायची. परीक्षेच्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणी येणार, नवरा येणार, फोटो काढणार. ताई म्हणाली, "बोलवा, सगळ्यांना बोलवा. असा दिवस परत येत नाही." मी मागच्या सीटवर पदराने तोंड दाबून हसू आवरत होते.

एकदा मात्र मला काळजी वाटली. म्हटलं, "अगं, परीक्षेत कुणाला लागलं बिगलं तर?"

"बंद मैदान आहे, कडेला टायर रचलेत, आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या पायाशी ब्रेक आहे. लागणार फक्त तिच्या नाकाला."

परीक्षेच्या दिवशी मैदानावर ही गर्दी. माइकवाली चांगली ठेवणीतले कपडे घालून आलेली. मैत्रिणी, नवरा, सगळं वऱ्हाड हजर. ताई गाडीतून उतरली आणि तिच्या जागी साहेब बसले. परीक्षेत साहेब ब्रेकला पाय लावतात तो फक्त जीव वाचवायला, आणि लावला की नापास.

गाडी सुरू झाली, एक गचका खाल्ला आणि बंद पडली. परत सुरू, परत गचका, परत बंद. गाडीने बेडकासारख्या उड्या मारत मैदान अर्धं पार केलं. चढाव आला. तिथे थांबून परत पुढे जायचं असतं. माइकवाली थांबली, ब्रेक सोडला, आणि गाडी निघाली मागे! रांगेत थांबलेली पोरं ओरडायला लागली, "अहो मागे, मागे!" म्हणजे गाडी मागे येतेय असं त्यांना सांगायचं होतं, पण तिने घाबरून आणखीच सगळं सोडून दिलं. साहेबांनी ब्रेक मारला तोवर मागचं चाक टायरच्या ढिगावर चढलेलं. मैदानभर हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. नवऱ्याने मोबाइल खाली केला, पण मैत्रिणींपैकी एकीचा काही खाली झाला नाही.

माइकवाली उतरली तेव्हा रडत होती. "मॅडम, तुमच्याबरोबर तर किती छान चालत होती!" ताई म्हणाली, "होतं असं." बस, एवढंच. मी सांगते, इतका गोड दिवस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. घरी येताना आम्ही आइस्क्रीम खाल्लं आणि भिंगरीसाठी बांधून घेतलं.

ताईने पोरीला समोर बसवून सगळं रंगवून सांगितलं. "तुझ्यावर माइकवरून ओरडली होती ना, ती बाई. तिची अशी फजिती झाली, सगळे हसले तिला." भिंगरी आइस्क्रीम चाटत ऐकत होती. म्हणाली, "मग ती रडली?"

"रडली तर! चांगली हमसून हमसून."

"मग तिला कुणी जवळ घेतलं का?"

भिंगरी उठून बाथरूममध्ये गेली. दुसऱ्या दिवशी तिला शाळेसाठी तयार केलं, तर दारापर्यंत गेली आणि परत तेच. ताईचा चेहरा उतरला. पण हार मानणाऱ्यातली नव्हे ती. "माफी राहिलीय," म्हणाली. "माफीशिवाय नाही व्हायचं ते."

माफीसाठी कुठे जावंही लागलं नाही. दोन-चार दिवसांनी माइकवाली आपणहून आली. डोळे सुजलेले. "मॅडम, परत पहिल्यापासून शिकवाल का? माझंच काहीतरी चुकलं."

हे ऐकून ताईचा बांध फुटला. "तुमचं काय चुकलं ते मी सांगते," म्हणाली, आणि तिने सगळं बाहेर काढलं. रांग, शू, माइक, काढून घेतलेली बॅग, प्लॅस्टिकची पिशवी, शाळेचं फाटक. आणि हेही सांगितलं की गाडी तुम्ही एक दिवसही चालवली नाहीत, मी चालवत होते, मुद्दाम. माइकवाली पांढरीफटक पडली. मी टेबलामागून म्हटलं, "आठवलं का आता?"

ती पर्स पोटाशी धरून खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "खरं सांगू? नाही आठवत. रोज कुणी ना कुणी... विमान उशिरा असलं की सगळे आमच्यावरच ओरडतात. आम्हालाही आतून कुणी काही सांगत नाही. मी असं बोलले असेन. बोललेच असेन. पण आठवत नाही हो."

आठवत नाही! इथे आमचं घर उलटंपालटं झालं आणि हिला आठवत नाही! मी तिच्या अंगावर धावून जाणारच होते, पण ताईने हाताने अडवलं आणि आत हाक मारली. "भिंगरी! बाहेर ये गं बाळा."

भिंगरी आली, हातात रंगाचा खडू. ताई माइकवालीला म्हणाली, "माझी नको. हिची माफी मागा."

कबूल करायला हवं, बाईने आढेवेढे घेतले नाहीत. खाली जमिनीवर गुडघे टेकून बसली, पोरीच्या डोळ्यांना डोळे भिडतील अशी. म्हणाली, "बाळा, मी फार वाईट वागले तुझ्याशी. तुला जाऊ द्यायला हवं होतं. वर माइकवरून तसं बोलले. माझं चुकलं. तू काहीच चूक केली नव्हतीस."

आम्ही दोघी बघत होतो. इतक्या दिवसांचा सूड, इतकी मेहनत, सगळं या एका घटकेसाठी. भिंगरीने बाईकडे नीट निरखून पाहिलं. मग आईला विचारलं, "ही कोण?"

"अगं, ती विमानाची बाई नाही का! जिने माइकवरून सांगितलं. जिच्यामुळे तुला..."

"हिने नाही काही केलं," भिंगरी म्हणाली.

"केलं बाळा. तू लहान आहेस, तुला..."

"हिने नाही मारलं. तू मारलंस. सगळे बघत होते तेव्हा. 'घाणेरडी' म्हणालीस."

ताईने हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला स्वच्छ दिसलं की लपवून ठेवलं नव्हतं तिने. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, ती आठवायचा प्रयत्न करत होती.

"मी? कधी गं?"

"इथे," भिंगरीने खडू धरलेल्या हाताने गाल दाखवला. "आणि मग इथे."

माझ्या तोंडात शिव्या तयार होत्या, पण कुणाला द्यायच्या तेच कळेना. मी टेबलाची कड धरून बसले. ताई पुढे आली, पण पोरीसमोर जागाच नव्हती.

माइकवालीने जमिनीवरची पर्स उचलली आणि बाजूला सरकून ताईला बसायला जागा करून दिली.